न्यूट्रिशनमध्ये एमएस म्हणजे डाएटिशियन नव्हे

‘अमेरिकेत न्यूट्रिशनमध्ये एमएस केलं की डाएटिशियन होता येतं,’ हा समज पालकांमध्येही पक्का बसलाय. तो चुकीचा आहे.

1 जानेवारी 2024 पासून तिथे आरडीच्या (रजिस्टर्ड डाएटिशियन, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षेला बसायला पदव्युत्तर पदवी लागते, हे खरं. गोंधळ बहुधा इथूनच वाढला. पण ती पदवी न्यूट्रिशनचीच हवी असं नाही; हवा असतो तो एसेंड (ACEND) या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि देखरेखीखालचं किमान 1000 तासांचं प्रत्यक्ष काम. कितीतरी एमएस निव्वळ संशोधनाचे असतात: प्रयोगशाळा, आकडेवारी, प्रबंध. वॉर्डातल्या पेशंटच्या ट्यूब फीडिंगचा हिशोब तिथे कुणी करायला लावत नाही.

त्यामुळे विद्यापीठाचं रँकिंग जरा बाजूला ठेवा (ते बहुतेकदा अख्ख्या विद्यापीठाचं असतं) आणि अभ्यासक्रमाचं नाव एसेंडच्या यादीत शोधा. नावापुढे ‘डीपीडी’ असेल तर फक्त विषय शिकवले जातात, इंटर्नशिप वेगळी मिळवावी लागते. ‘कोऑर्डिनेटेड’ असेल तर तास अभ्यासक्रमातच धरलेले असतात. संशोधनच करायचं असेल, तर मात्र ही यादी बघायचीही गरज नाही.