पशुआरोग्यासाठी घरगुती अवरक्त उष्णताचित्रण

जनावराच्या त्वचेचे तापमान स्पर्श न करता, चित्ररूपाने मोजण्यासाठी सुटा अवरक्त (इन्फ्रारेड) संवेदक आणि मायक्रोकंट्रोलर (आज्ञावलीने चालणारी छोटी संगणक-चिप) जोडून केलेली स्वस्त व्यवस्था. दाह झालेल्या भागात रक्तप्रवाह वाढून वरची त्वचा तापते. कासदाह (दगडी), खुराची इजा, घोड्याच्या पायातील कंडरेची सूज अशा ठिकाणी हा फरक चित्रात दिसू शकतो.

सुमारे ३५° से. तापमानाची त्वचा ९.४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक प्रारण सोडते. वेबकॅमेऱ्यातील अवरक्त गाळणी काढून ‘थर्मल कॅमेरा’ करण्याच्या कृती पुष्कळ फिरतात. त्या इथे निरुपयोगी आहेत, कारण सिलिकॉनच्या संवेदकाला साधारण १.१ मायक्रोमीटरच्या पुढचे काही दिसत नाही. अवरक्त दिवा लावून रात्री विणाऱ्या गायीवर नजर ठेवायला तो कॅमेरा उत्तम, पण तापमान त्यातून कळत नाही.

संवेदकाची निवड : एएमजी८८३३ मध्ये ८×८ बिंदू आणि ±२.५° से. अचूकता असते, जनावर जागेवर आहे की नाही, यापलीकडे त्याचा भरवसा धरू नये. एमएलएक्स९०६४० (३२×२४ बिंदू) हा घरगुती बांधणीतला नेहमीचा पर्याय. त्याची ५५° दृष्टिकोनाची (एका वेळी दिसणाऱ्या भागाचा कोन) आवृत्ती घ्यावी. १ मीटरवर तिचा एक बिंदू सुमारे ३.२ सेंमी. जागा व्यापतो, ३० सेंमी. वर १ सेंमी. विश्वसनीय मापासाठी लक्ष्य किमान ३×३ बिंदूंचे हवे, म्हणजे ३० सेंमी. वरूनही ३ सेंमी. पेक्षा लहान जागा मोजता येत नाही. कासेचा एक भाग किंवा खुराचा वरचा काठ यात बसतो. शरीराच्या आतील तापमानाच्या अंदाजासाठी वापरला जाणारा डोळ्याचा आतला कोपरा बसत नाही. त्यासाठी फ्लिर लेप्टन ३.५ (१६०×१२०) लागतो, आणि तोही अर्ध्या मीटरवरून. ११०° आवृत्ती गोठ्यात वरून टांगायला ठीक; अवयव तपासायला नाही.

जोडणी : संवेदकाच्या अंशांकनाची (आकडे खऱ्या तापमानाशी जुळवण्याची) माहितीच १,६६४ बाइट असल्याने २ किलोबाइट रॅमचा अर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर पुरत नाही, ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय पिको घ्यावा. ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए (माहितीची तार), एससीएल (घड्याळाच्या ठोक्याची तार) अशा चारच तारा, शक्यतो २० सेंमी. च्या आत. तारा लांबल्या की वाचन मध्येच तुटते. आय२सी (या तारांवरून माहिती पाठवण्याची पद्धत) वेग ४०० किलोहर्ट्झ, ताजेपणाचा दर (सेकंदाला किती वेळा वाचायचे) ४ हर्ट्झ ठेवावा. दर वाढवला की गोंगाट (आकड्यांतला निरर्थक चढउतार) वाढतो. हा संवेदक बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक घरे दोन फेऱ्यांत वाचतो, त्यामुळे जनावर हलले की चित्रात चौकडी उमटते. अशी चौकट (एका वेळचे चित्र) टाकून द्यावी. स्थिर असलेल्या ८ चौकटींची सरासरी काढल्यास गोंगाट एक-तृतीयांशाच्या आसपास येतो.

उत्सर्जकता (पृष्ठभाग किती पूर्णपणे उष्णता प्रारित करतो याचे प्रमाण) ०.९८ ठेवावी. ईएसपी३२ संवेदकाला चिकटवू नये. त्याच्या उष्णतेने संवेदकाचे स्वतःचे तापमान चढते आणि सगळे आकडे सरकतात. सुरू केल्यावर पाच मिनिटे थांबावे. शेण-पाण्यापासून बचावासाठी पुढे काच किंवा ॲक्रिलिक लावले तर कॅमेरा त्या काचेचेच तापमान दाखवतो. पातळ पॉलिथिलिनचा एक पदर चालतो, मात्र तो लावूनच अंशांकन करावे.

संदर्भ डबा : ही बांधणीतली सर्वांत महत्त्वाची आणि हटकून वगळली जाणारी वस्तू. पातळ पत्र्याच्या डब्याला बाहेरून चमक नसलेला काळा रंग द्यावा, आत सुमारे ३८° से. पाणी आणि बुडवलेला डीएस१८बी२० तापमापक ठेवावा. पाणी ढवळून डबा चौकटीच्या कडेला येईल असा ठेवावा. तापमापकाचा आणि चित्रातील डब्याचा आकडा यांतला फरक त्या चौकटीतील प्रत्येक बिंदूला लावावा.

चित्र घेणे : जनावर सावलीत, वाऱ्याच्या झोताबाहेर अर्धा तास उभे असावे. ओली त्वचा बाष्पीभवनामुळे थंड दिसते, सुकलेला चिखल उष्णता झाकतो. म्हणून धुतल्यावर पूर्ण वाळू द्यावे. कासेचे चित्र दररोज दूध काढण्यापूर्वीच घ्यावे. नुकत्याच उठलेल्या गायीची ज्या कुशीवर ती बसली होती ती बाजू काही काळ गरम राहते, आणि पहिल्यांदा पाहणारा तिलाच कासदाह समजतो. केस कापलेला चट्टाही असाच फसवतो. समोरून, काटकोनात धरावे. ६०° हून तिरके धरल्यास वाचन घसरते.

रंगपट्टी आपोआप जुळणारी ठेवू नये. तशी ठेवली तर निरोगी कासेतही सर्वांत गरम बिंदू लालभडक होतो. गायीसाठी २८ ते ४०° से. अशी पक्की मर्यादा चालते. चित्र गुळगुळीत करण्याने नवी माहिती येत नाही, म्हणून मूळ ७६८ आकडे सीएसव्ही फाइलमध्ये साठवावेत.

अर्थ लावणे : एमएलएक्स९०६४० ची अचूकता मध्यभागी साधारण ±१° से. असते आणि कडेला घटते. त्यामुळे त्वचेच्या एकट्या आकड्यावरून ताप ठरवू नये. त्याच जनावराचा डावा-उजवा भाग चौकटीच्या एकाच जागी आणून तुलना करावी. आठवडाभराच्या नोंदींवरून त्याचा नेहमीचा फरक काढावा. दोन्ही बाजूंतला फरक १° से. हून जास्त निघाला आणि पुढच्या वेळीही टिकला, तर ताप गुदद्वारातील तापमापकाने (निरोगी प्रौढ गायीत साधारण ३८ ते ३९.३° से.) आणि कासदाह दुधावर करायच्या कॅलिफोर्निया मस्टायटिस चाचणीने पडताळावा. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर ही तुलना काहीच सांगत नाही.