राक्षसी कोळ्याचं ब्लडप्रेशर

टीव्हीवर रात्री उशिरा लागणारे ते सिनेमे तुम्ही पाहिले असतीलच, लॅबमध्ये काहीतरी हिरवं सांडतं आणि अर्ध्या तासात ट्रकएवढा कोळी गावावर चालून येतो. मला हे सिनेमे मनापासून आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सायफाय चॅनेलने वावटळीतून शार्क उडवणारा 'शार्कनेडो' दाखवला, त्याचं विज्ञान विचारणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. पण मोठ्या कोळ्याचं काय होतं की चांगली शिकलेली माणसंही म्हणतात, "आत्ता नसेल हो, पण जेनेटिक्समध्ये एवढं चाललंय, उद्या करतील की." तर नाही करणार, कारण अडचण शाळेतल्या भूमितीची आहे आणि ती कुठल्याही लॅबला चुकवता येत नाही.

गॅलिलिओने १६३८ मध्येच हे लिहून ठेवलंय. कुठल्याही प्राण्याची लांबी दुप्पट केली, आकार तोच ठेवला, तर पायाच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट ओझं. पुढे १९२६ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी गोष्टीतल्या राक्षसांना हेच गणित लावलं, माणसाच्या दहापट उंच राक्षसाच्या मांड्या पाऊल टाकताक्षणी मोडतील म्हणून. इथपर्यंत बहुतेक लेख येतात आणि थांबतात. पण कोळ्याची खरी मजा इथून पुढे आहे, कारण कोळ्याचा पाय आपल्यासारखा चालतच नाही.

आपल्या गुडघ्याला दोन बाजूंनी स्नायू असतात, एक वाकवतो, दुसरा सरळ करतो. कोळ्याच्या पायात दोन महत्त्वाचे सांधे असे आहेत की तिथे वाकवणारे स्नायू आहेत पण सरळ करणारे नाहीतच! मग पाय सरळ कसा होतो, तर जेसीबीचा हात जसा हायड्रॉलिकवर उचलला जातो तसा. डोकं आणि छाती मिळून कोळ्याचा जो पुढचा भाग असतो तिथले स्नायू आवळले की आतलं रक्त, म्हणजे हिमोलिम्फ, जोरात पायात घुसतं आणि पाय ताठ होतो. मेलेला कोळी आठही पाय पोटाशी घेऊन पडलेला दिसतो तो यामुळेच, दाब गेला की पाय आपोआप मिटतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी मेलेल्या कोळ्यात सुईने हवा भरून त्याचे पाय उघडझाप करून दाखवले आणि त्याचा चक्क चिमट्यासारखा वापर केला, बघायला भयंकर वाटतं पण काम करतं.

आता हा दाब किती? घरात फिरणाऱ्या कोळ्यावर १९५९ मध्येच मोजमाप झालंय, नुसता उभा असताना साधारण ५० मिलिमीटर पारा, आणि झटका मारताना क्षणभर ४०० पर्यंत. आपलं वरचं ब्लडप्रेशर १२० असतं, १८० झालं की डॉक्टर गंभीर होतात, त्या हिशोबाने बघा.

आता जगातला सगळ्यात वजनदार कोळी घेऊ, दक्षिण अमेरिकेतला गोलायथ टॅरँटुला, वजन साधारण १७० ग्रॅम, पाय पसरल्यावर २८-३० सेंटिमीटर. त्याला वीसपट मोठा करू, म्हणजे पाच-सहा मीटर, सिनेमात चालेल असा. वजन वीसचा घन म्हणजे ८००० पट, तेराशे किलोच्या वर. सांध्यावरचं वळण देणारं बल म्हणजे वजन गुणिले पायाची लांबी, ते वाढलं वीसच्या चौथ्या घातात, आणि दाबाने मिळणारं वळण म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ गुणिले सांध्याची भुजा, त्यातला भूमितीचा वाटा वाढतो फक्त तिसऱ्या घातात, मग हिशोब जुळवायला दाबच वीसपट हवा. (डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा, दाब वीसपट.) टॅरँटुलाचा मूळ दाब घरातल्या कोळ्याएवढाच मानला तर नुसतं उभं राहायला १००० मिलिमीटर आणि झेप घ्यायला ८०००, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दहापट, समुद्रात शंभर मीटर खोल जितका वाढतो तितका. कवच वीसपट जाड झालं तरी उपयोग नाही, कारण नळीची त्रिज्याही वीसपट झालीय, त्यामुळे भिंतीवरचा ताण दाबाबरोबर वाढतच राहतो. हिरोईनच्या अंगावर झेप घ्यायच्या आधीच हा प्राणी सांध्यातून फुटेल.

बाकी कात टाकण्याचा प्रश्न वेगळाच, तेव्हा कवच मऊ असतं आणि तेराशे किलोचा मऊ कोळी स्वतःच्याच वजनाने चपटा होणार. श्वासाचंही तेच रडगाणं.

आणि सिनेमातलं ते राक्षस बनवणारं रेडिएशन! किरणोत्सर्गाने डीएनए तुटतो, पेशी मरतात, कॅन्सर होतो, प्राणी फुगून हत्तीएवढा होत नाही. अणुभट्टीच्या अपघातानंतर ओस पडलेल्या चेर्नोबिलच्या तलावातल्या भल्यामोठ्या माशांचे व्हिडिओ फिरतात ना, तो वेल्स जातीचा कॅटफिश, तो तसाही दोन मीटरच्या वर वाढतो, तिथे वर्षानुवर्षं त्याला पकडायला कोणी गेलं नाही एवढंच. पण असं लिहिलं तर फॉरवर्ड कोण करणार.

खरं सांगायचं तर मला १९७० च्या दशकातले टीव्ही-सिनेमे जास्त पटतात. १९७६ मध्ये मारेकरी मधमाश्या, १९७७ मध्ये मुंग्या आणि टॅरँटुला, प्राण्याचा आकार नेहमीचाच, संख्या मात्र प्रचंड, आणि संख्या वाढवली तर भूमिती काही बोलत नाही. मधमाश्यांची गोष्ट तर खरीच होती. वॉरविक केर या ब्राझिलियन शास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये आफ्रिकेतल्या राणीमाश्या ब्राझीलमध्ये आणल्या, पुढच्या वर्षी त्यातली २६ मोहोळं निसटली, आणि १९९० मध्ये त्यांचे वंशज टेक्सासला पोचले. त्यांच्या एका डंखातलं विष साध्या युरोपियन मधमाशीपेक्षा जास्त नसतं, फक्त त्या लवकर चिडतात, खूप जास्त संख्येने येतात आणि लांबपर्यंत पाठलाग करतात. पडद्यावर अशा वेळी लोक तळ्यात उडी मारतात, ते मात्र करू नका, माश्या वर घोंघावत थांबतात आणि तुम्ही श्वासाला डोकं काढलंत की तिथेच डसतात. तोंड झाकून सरळ पळायचं आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं, दोन-चार आत आल्या तरी चालतील.