काळी, पांढरी आणि खालचा मुरूम

विदर्भातल्या जुन्या गावाची जमीन लोकांच्या बोलण्यात दोनच रंगांची असते: शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरीला तिचा रंग पिढ्यान्‌पिढ्या ढासळलेल्या मातीच्या भिंती, चुलीतली राख आणि शेण यांतून आलेला आहे. त्यामुळे ही विभागणी मुळातली भूरचना सांगत नाही. पण कुठे पेरायचे आणि कुठे राहायचे, हे सांगणारा तो एक नकाशाच होता. आता गावठाणे भरली असून घरकुले, अंगणवाड्या आणि गोदामे काळीवर सरकत आहेत. काळीच्या पोटात काय आहे, हे गट क्रमांकानुसार कागदावर आणण्याची गरज त्यातूनच निर्माण झाली आहे.

पश्चिम विदर्भातली काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजे विपुल असतात; त्यांचे कण पापुद्र्यांचे असून पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ते फुगतात आणि वाळले की आक्रसतात. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा याच आकुंचनाच्या. इमारतीच्या बाबतीत अडचण वेगळीच होते. जोत्याच्या कडेची माती दरवर्षी भिजते आणि वाळते, मधली मात्र झाकलेली असल्यामुळे जवळपास तशीच राहते. परिणामी पाया एकसारखा न हलता कुठे उचलला जातो, कुठे खचतो आणि भिंतीवर तिरप्या भेगा उमटतात. हलके, एकमजली घर यात अधिक सापडते, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजनच त्याच्याकडे नसते. कपाशीला आणि तुरीला पावसाळ्यानंतरही ओल पुरवणारा मातीचा हा गुण घराच्या मुळावर येतो, हा योगायोग क्रूरच म्हणायचा.

म्हणून नकाशात रंगाइतकीच, किंबहुना अधिक, खोली महत्त्वाची असते. नागपूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने राज्यांचे मृदा नकाशे 1:2,50,000 या प्रमाणात तयार केले. त्यात एक सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, त्यामुळे अख्खे गाव नखाएवढ्या जागेत मावते. जिल्ह्याच्या विचाराला ते पुरेसे असले, तरी अंगणवाडीची जागा त्यावरून ठरवता येत नाही. 1:10,000 या प्रमाणात तोच एक सेंटीमीटर शंभर मीटरचा होतो आणि शेते ओळखू येऊ लागतात. उपग्रहचित्रावरून उतार आणि नाले आखले, तरी शेवटी माणसाला गिरमिट घेऊन शेतात जावेच लागते. खड्डा खणला की काळीचा थर किती जाड आहे, फुगता-आक्रसताना मातीची ढेकळे एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले चकचकीत पृष्ठभाग कुठे दिसतात, चुनखडीचे खडे कुठे सुरू होतात आणि मुरूम, म्हणजे काळीखालचा न फुगणारा झिजलेल्या खडकाचा थर, किती खाली लागतो, हे नोंदवता येते. जुन्या विहिरींच्या कडा आणि रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्या हीच माहिती फुकट देतात. सर्वेक्षणात त्यांचा उपयोग आजही पुरेसा होत नाही, असे मला वाटते. मृदा आरोग्य पत्रिकेवरही विसंबता येत नाही, कारण तिच्यासाठीचा नमुना वरच्या वीतभर थरातला आणि तपासणी खतांच्या हिशेबाची असते.

पूर्व विदर्भात चित्र बदलते. भंडारा-गोंदियाकडे ग्रॅनाइट आणि नाइस खडकांवरच्या धानाच्या जमिनी आहेत आणि शेतकरी त्यांना कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशा नावांनी ओळखतात. या नावांमध्ये पोत आणि खोली यांची जाण आधीच आहे. नकाशा करणाऱ्याने ती विचारून घ्यावी.

फुगवटा मोजण्याची एक साधी चाचणी आहे. चाळलेली, कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन एक नमुना पाण्यात आणि दुसरा रॉकेलमध्ये ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. चोवीस तासांनी पाण्यातली माती 18 मिलीलीटर आणि रॉकेलमधली 10 मिलीलीटर भरली, तर फुगवटा 80 टक्के झाला. रस्त्याच्या भरावात 50 टक्क्यांहून अधिक फुगणारी माती सहसा वापरू नये, असे केंद्रीय रस्ते मंत्रालयाचे विनिर्देश सांगतात.

मुरूम दीड मीटरवर लागणारा गट अंगणवाडीला द्यावा आणि काळी चार मीटर खोल असलेला कपाशीला ठेवावा, एवढे नकाशा सहज सांगतो. तशी जागा नसेल, तर तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब हलणाऱ्या थराखाली उतरवावे लागतात आणि खर्च वाढतो. पांदण रस्त्याला तर जागा निवडताच येत नाही. तो काळीतूनच जाणार. तिथे मातीत थोडा चुना मिसळतात. चुन्यातल्या कॅल्शियममुळे चिकणकणांची पाण्याची ओढ कमी होते, आणि कुठल्या तुकड्याला चुना लागेल व कुठे नुसता मुरूम पुरेल, हे ठरवायला पुन्हा तोच नकाशा उघडावा लागतो.