टर्नटेबल : निवड आणि जुळणी

टर्नटेबल म्हणजे ध्वनिमुद्रिका ठरावीक गतीने फिरवून तिच्या खाचेतली वळणे सुईने टिपणारे यंत्र. बोलताना त्याला रेकॉर्ड प्लेयर, किंवा सवयीने ग्रामोफोनच म्हणतात. चावीच्या ग्रामोफोनात सुईचे कंपन थेट कर्ण्यातून ऐकू येते. टर्नटेबलच्या नेहमीच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या डबीतून) मात्र तीन ते पाच मिलिव्होल्टचा क्षीण संकेत निघतो. तो वाढवायला फोनो प्रीअँप हे उपकरण लागते. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात. प्रीअँप १९५४च्या आरआयएए (अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योग संघटना) मानकानुसार ते पूर्ववत करतो. काही यंत्रांत तो आतच बसवलेला असतो. ‘आवाज पातळ येतो’ अशी तक्रार असेल तेव्हा वायर प्रीअँप वगळून थेट अँप्लिफायरच्या ऑक्स या साध्या खोबणीला जोडलेली नाही ना, हे आधी पाहावे.

यंत्र घेण्यापूर्वी घरातली ट्रंक उघडावी. आत आजोबांची नाट्यपदे असतील तर त्या बहुधा लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. कोलंबियाने १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची व्हिनाइलची (प्लास्टिकची) एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकडी, आणली, आरसीए व्हिक्टरने पुढच्याच वर्षी ४५ची. बऱ्याच नव्या यंत्रांत या शेवटच्या दोनच गती असतात. शिवाय ७८ची गती असून भागत नाही, सुईही वेगळी लागते. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई हवी. एलपीची १८ ते २५ मायक्रॉनची सुई त्या खाचेत तळाला जाऊन धूळच खरवडते. उलट, ग्रामोफोनची पोलादी पिन एलपीवर एकदा फिरली की ती एलपी गेलीच म्हणायची. चोर बाजारातले चकचकीत पितळी कर्ण्याचे ‘जुने’ ग्रामोफोन दिवाणखान्यात शोभतात. त्यावर जपलेली तबकडी लावू नये.

तबकडी ठेवायची थाळी फिरवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. बेल्टवर चालणाऱ्या यंत्रात मोटरची थरथर थाळीपर्यंत कमी पोचते, पण रबरी बेल्ट काही वर्षांनी सैल पडतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर थेट थाळीखाली असते. १९७२चे टेक्निक्स एसएल-१२०० हे त्याचे गाजलेले उदाहरण. दोन्हींत चांगली यंत्रे आहेत, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. महत्त्व गतीच्या अचूकतेला आहे. नातेवाइकाने अमेरिकेतून मायेने आणलेल्या जुन्या यंत्राला ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आठवणीने लावला जातो, पण तिथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५०ची. सिंक्रोनस मोटर (विजेच्या हर्ट्झवर गती ठरणारी) असेल तर थाळी सहा फेऱ्यांऐवजी पाचच घेते आणि पांढरी एकमधला गायक खालच्या पांढरी सहाच्या आसपास उतरतो. गती तपासायला रेघांची गोल चकती मिळते. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. त्या उजेडात ३३⅓च्या गतीला १८० रेघा जागच्या जागी थिजल्यासारख्या दिसतात. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली ही युक्ती चालत नाही.

जुळणीची सुरुवात पाणसळीने होते: यंत्र सपाट, जड टेबलावर आणि स्पीकरपासून दूर ठेवावे. मग टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा. मागचे वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगू लागेपर्यंत आणायचा, तराजूची दांडी स्थिरावते तसा. तिथे नुसते आकड्यांचे कडे शून्यावर आणायचे आणि मग वजनासकट पुढे फिरवून सुईला सांगितलेला भार द्यायचा. ऑर्टोफॉन २एम रेड या कार्ट्रिजला तो १.८ ग्रॅम. भार कमी ठेवला तर तबकडी वाचेल, असे वाटते. प्रत्यक्षात हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तिच्या भिंतीच खराब करते. आर्मच्या बाकामुळे फिरती तबकडी सुईला आत, मध्याकडे ओढते. ही ओढ तोलणारी अँटीस्केटची कळ साधारण भाराच्याच आकड्यावर ठेवतात. शेवटी कागदी प्रोट्रॅक्टरवरच्या (कोन जुळवायच्या तक्त्यावरच्या) दोन्ही बिंदूंवर सुई टेकवून कार्ट्रिज रेघांना समांतर बसवायचे. हे काम चिकाटीचे आहे आणि स्क्रू हटकून गालिच्यावरच पडतात.

पावसाळ्यात तबकड्यांना बुरशी धरते. व्हिनाइलसाठी डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिटचा बोळा लावू नये. लाख त्यात विरघळते; सुतार फ्रेंच पॉलिश करतो ते याच गुणावर.