इंटर्नशिप म्हणजे क्षेत्रकार्य नव्हे

क्षेत्रकार्य म्हणजे लोकांमध्ये जाऊन, राहून केलेला अभ्यास, हे मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की आणि त्याने जिथे राहून असा अभ्यास केला ती ट्रोब्रिअंड बेटे सर्वांना पाठ असतात. (पन्हाळ्याच्या एक दिवसाच्या सहलीला क्षेत्रकार्य म्हणणाऱ्यांना या लेखातून वगळले आहे.) घोळ होतो तो इंटर्नशिप मिळवताना, कारण ती म्हणजे प्रमाणपत्र मिळणारे क्षेत्रकार्य, अशी समजूत करून घेऊन अर्ज लिहिले जातात.

मानधन, मुदत हे फरक किरकोळ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने इंटर्नशिपचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तास, एवढे पुरे. खरा फरक हा की प्रश्न कोणाचा आणि नोंदींची वही कोणाची.

समजा, चप्पल कारागिरांसोबत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेने तुम्हाला इंटर्न म्हणून घेतले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने, त्याचे अधिकृत वापरकर्ते (म्हणजे ते मानांकन वापरण्याचा हक्क असलेले) म्हणून कारागिरांचे अर्ज भरून घेण्याचे काम तुमच्याकडे आहे. कोल्हापुरातल्या सुभाषनगरातल्या एका घराच्या उंबऱ्यावर तुम्ही बसला आहात, कारागीर चपलेच्या तळाला कान (बाजूच्या पट्ट्या) जोडतो आहे आणि त्याची पत्नी चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालता घालता विचारते, "अर्जावर नाव यांचंच का?" क्षेत्रकार्यात हे वाक्य म्हणजे घबाड, त्यासाठी तुम्ही महिनाभर तिथे जात राहाल. इंटर्नला मात्र संध्याकाळपर्यंत आणखी नऊ अर्ज भरायचे असतात, आणि मुख्य म्हणजे ती बाई संस्थेच्या माणसाशी बोलली आहे, तुमच्या प्रबंधाशी नव्हे. ते वाक्य प्रबंधात घ्यायचे असेल, तर संस्थेची लेखी परवानगी रुजू होण्यापूर्वीच घ्यावी लागते आणि त्या बाईंची संमती स्वतंत्रपणे, स्वतःची खरी ओळख सांगून, पुन्हा मागावी लागते. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीने यातले काहीच केले नव्हते. सहा आठवड्यांची वही संस्थेने शेवटच्या दिवशी ठेवून घेतली, आणि खरे सांगायचे तर संस्थेचे काही चुकले नव्हते.

"अनुभव मिळावा म्हणून संधी द्यावी" हे वाक्य मला अर्जात अजिबात सहन होत नाही, कारण त्यात सगळे मागणेच आहे. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयाला लिहायचे असेल, तर कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या १९४५-४६ च्या उत्खननातील अमुक इतक्या वस्तूंच्या मराठी नोंदी अमुक तारखेपर्यंत करून देईन, असे लिहावे, आणि त्या नोंदी प्रबंधात वापरता येतील का, हे त्याच पत्रात विचारावे.