‘पर्सेल तत्त्वा’ची पार्श्वभूमी
निवडणूक तोंडावर आली असताना संघीय न्यायालयांनी तिचे नियम सहसा बदलू नयेत, हे अमेरिकेतील ‘पर्सेल तत्त्व’. अमेरिकेत निवडणुका राज्ये घेतात, पण त्यांचे नियम घटनेला धरून आहेत की नाहीत, याचा निवाडा अनेकदा संघीय न्यायालयांपुढे होतो. ही स्थिती फार जुनी नाही. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी न्यायालयांनी या राजकीय जंजाळात शिरू नये, असे बजावले होते. टेनेसीने १९०१ पासून विधिमंडळाच्या मतदारसंघांची फेररचनाच केली नव्हती. त्यावरून उभ्या राहिलेल्या ‘बेकर विरुद्ध कार’ खटल्यात १९६२ साली न्यायालयाचे दार उघडले.

पुढे प्रश्न आला तो वेळेचा. ॲरिझोनातील मतदार-ओळखपत्राच्या कायद्याला अपील न्यायालयाने ऑक्टोबर २००६ मध्ये कारणे न देता स्थगिती दिली. मतदान तीन आठवड्यांच्या आत आले असताना सर्वोच्च न्यायालयाने ‘पर्सेल विरुद्ध गोन्झालेझ’मध्ये ती उठवली आणि न्यायालयांच्या परस्परविरोधी आदेशांमुळेही मतदारांचा गोंधळ उडून ते मतदानापासून दूर राहू शकतात, असे नोंदवले. कोणाही न्यायमूर्तीच्या नावाने नसलेल्या त्या छोट्याशा निकालाचे पुढे तत्त्व बनेल, असे तेव्हा वाटण्याजोगे काही नव्हते.

त्याला ‘पर्सेल तत्त्व’ हे नाव रूढ झाले ते निवडणूक कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड हॅसेन यांच्या लेखनामुळे. २०१६ च्या त्यांच्या लेखाचा हेतू मात्र त्याला लगाम घालण्याचा होता. स्थगिती देताना अर्जदाराची बाजू गुणवत्तेवर टिकेल का, कोणाचे किती नुकसान होईल आणि जनहित कशात आहे, हे नेहमीच तोलले जाते. निवडणुकीची जवळीक हा त्यातला एक मुद्दा असावा, बाकीचे मुद्दे बाजूला सारणारा नियम नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे मला रास्त वाटते, कारण गोंधळ टाळण्याच्या नावाखाली मतदानाचा हक्कच बुडू शकतो. २०१४ मध्ये टेक्सासचा ओळखपत्राचा कायदा पूर्ण सुनावणीनंतर भेदभावकारक ठरूनही त्या निवडणुकीत लागू राहू दिला गेला, तेव्हा सहा लाखांहून अधिक नोंदणीकृत मतदार वंचित राहू शकतात, असे न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी भिन्नमतात लिहिले.

अलाबामात तर हे अधिक स्पष्ट झाले. तेथील अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, मतदारसंघांचा नकाशा कृष्णवर्णीय मतदारांची ताकद घटवतो, असे संघीय जिल्हा न्यायालयाने २४ जानेवारी २०२२ रोजी ठरवले. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक २४ मे रोजी, म्हणजे चार महिन्यांनी होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्या आदेशाला स्थगिती दिली आणि न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी आपल्या सहमतीत पर्सेलचाच आधार घेतला. जून २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने जिल्हा न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. तोवर २०२२ ची निवडणूक त्याच वादग्रस्त नकाशावर होऊन गेली होती.