घर बाहेरून धुवायचंय? आधी डाग ओळखा

पाऊस उघडला की सांगलीत सगळ्यांना एकदमच घराच्या भिंती दिसायला लागतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मग मिळेल तो गडी आणि मिळेल ते अ‍ॅसिड असा कारभार चालतो, आणि भिंत धुतली जाण्याऐवजी सोलून निघते. काम आम्हाला द्या किंवा नाक्यावरून माणसं आणा, पण हा कागद एकदा वाचून घ्या.

डाग कसला आहे?

खिडकीच्या छज्जाखाली आणि पश्चिमेच्या भिंतीवर जे काळं ओघळलेलं दिसतं, ती बहुतेक वेळा धूळ नसते. ते वाळलेलं शेवाळ आणि बुरशी असते. खात्री करायची असेल तर कापसाच्या बोळ्याने डागावर ब्लिचचा एक थेंब लावा आणि पाच मिनिटं थांबा. डाग फिका पडला तर शेवाळ. जसाच्या तसा राहिला तर काजळी किंवा मळ, त्यावर ब्लिच ओतून काही उपयोग नाही.

साखर कारखान्यांचा हंगाम चालू असताना गच्चीवर आणि कठड्यावर काळे भुरके पडतात, ती चिपाडाची राख. ती आधी कोरडी झाडून घ्यायची. तिच्यावर थेट पाणी मारलं तर ती खरबरीत प्लॅस्टरमध्ये भिनते आणि खालच्या भिंतीवर काळे ओघळ येतात.

जोत्याजवळ पांढरी पिठी फुटली असेल तर तो खार, म्हणजे लोणा. हा धुवायचा नसतो! पाणी मारलं की मीठ विरघळून परत भिंतीत जातं आणि वाळताना पुन्हा बाहेर येतं. नायलॉनच्या ब्रशने कोरडंच झाडा, खाली पडलेली पिठी उचलून टाका, आणि ओल कुठून येते ते शोधा. ओल थांबल्याशिवाय वर रंग चढवणं म्हणजे पुढच्या वर्षीचे पोपडे आजच विकत घेणं.

गावभाग, सांगलीवाडी या बाजूला पुराची रेघ हा वेगळाच प्रकार. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुराचा गाळ वाळल्यावर खरवडून काढावा आणि मग साध्या नळीने धुवावा. भिंतीच्या आतली ओल मात्र महिनोन्‌महिने राहते, म्हणून रंगाची घाई नको.

शेवाळासाठी मिश्रण

बाजारात मिळणारं सोडियम हायपोक्लोराइट (म्हणजे ब्लिचच) १० टक्क्यांचं असेल तर १ लिटरला ९ लिटर पाणी. घरगुती ब्लिच ४-५ टक्क्यांचं असतं, त्याला चौपट पाणी पुरतं. दोन्हींतून साधारण १ टक्क्याचं द्रावण होतं. १०० चौरस फूट भिंतीला सुमारे ३ लिटर लागतं. कॅन उन्हात ठेवलेला किंवा जुना असेल तर ताकद निम्म्यावर आलेली असू शकते, म्हणून ताजाच घ्या.

आधी भिंत साध्या पाण्याने भिजवा. द्रावण खालून वर लावत जा. वरून लावलं तर खालच्या कोरड्या भागावर ओघळ उमटतात. १० ते १५ मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका. त्यासाठी सकाळी सावलीची बाजू आधी धरायची. नंतर वरून खाली भरपूर पाण्याने धुवा. खालची झाडं कामाआधी आणि नंतरही पाण्याने चिंब करा. पितळी नावपाटी काढून ठेवा, काळी पडते. गच्चीचं पाणी पाइपने बोअरमध्ये सोडलेलं असेल तर तो पाइप त्या दिवसापुरता सोडवून ठेवा.

ब्लिच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. संडास धुण्याच्या लिक्विडातही अ‍ॅसिड असतं. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो थेट फुप्फुसावर जातो. एकाच बादलीत आधी एक, मग न धुता दुसरं, असंही नको.

अ‍ॅसिडबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: घराच्या बाहेरच्या कामात त्याची गरज क्वचितच पडते. काळ्या दगडाच्या जोत्यावर मारलं तर दगडाला फारसं काही होत नाही, पण दरजांमधलं सिमेंट खाल्लं जातं. कोटा, संगमरवर आणि मोझॅकची चमक तर पहिल्याच फटक्यात जाते.

प्रेशर मशीन

रंगवलेल्या भिंतीवर हात फिरवा. तळव्याला पांढरी पूड लागली तर रंग सुटत आलाय. तिथे मशीन नको, मऊ ब्रश आणि नळी. रंग धड असेल तर रुंद फवाऱ्याचं तोंड लावून किमान दीड-दोन फूट लांबून मारावं. एका रेघेत पाणी फेकणारं तोंड प्लॅस्टरवर वापरूच नये. खिडकीच्या फटी, मीटरपेटी आणि एसीचं बाहेरचं युनिट यांवर झोत धरायचा नाही. तडे आधी बुजवा, नाहीतर पाणी आत घुसून हॉलच्या भिंतीवर दिसेल.

मंगळुरी कौलांवर मशीन नकोच. सोलर वॉटर हीटरच्या काचेच्या नळ्या दुपारी तापलेल्या असताना गार पाणी पडलं तर तडकतात. त्या सकाळी उजाडताच पुसून घ्या.

माणूस निवडताना

भिंत न बघता फोनवर आकडा सांगणाऱ्याला काम देऊ नका. रंग किती वर्षांचा, वीज कुठून आली, परांची कुठे टेकवायची, हे विचारणारा हवा. रोजावर दिलेलं काम रेंगाळतं, उक्तं दिलेलं घाईत उरकतं. आम्ही उक्तंच सुचवतो, पण आधी मागच्या बाजूला दोन फूट चौरस तुकडा धुऊन घ्या आणि दुसऱ्या दिवशी, वाळल्यावर बघा. ओली भिंत नेहमीच स्वच्छ दिसते. चिठ्ठीवर लिहून घ्या: दर चौरस फुटावर असेल तर खिडक्या वजा केल्यात का, परांचीचं भाडं कोणाकडे, केमिकल कोणाचं.

शिडी १२ फूट उंच टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून ३ फूट लांब हवा. सेफ्टी बेल्ट कॉलमला किंवा पक्क्या बीमला बांधावा. टाकीच्या पाइपला अडकवलेला बेल्ट हा बेल्ट नव्हे. भिंतीजवळून विजेची वायर गेली असेल तर काम सुरू करण्याआधी महावितरणला १९१२ वर कळवून पुरवठा बंद करून घ्या. माणसाचा अपघात विमा आहे का तेही विचारा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात.

"आलाच आहात तर संडासाची टाकीही बघा" असं म्हणू नका. सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. त्यासाठी सक्शन गाडी बोलवा.

आम्ही येण्याआधी

मशीन तासाला ४०० लिटरच्या आसपास पाणी पितं, तेव्हा टाकी भरलेली असू द्या. काचांवर शेवटचा हात नळाच्या पाण्याचाच मारतो, बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके राहतात. गाडी बाहेर काढा, दोरीवरचे कपडे काढा, तुळशीवर प्लॅस्टिक टाका. छज्जाखाली किंवा जवळच्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर फोनवरच सांगा. ते हटेपर्यंत आम्ही काम धरत नाही.